मानमोडी आणि शंभर मात्रांची कुपी

मराठवाड्याच्या शेतीचा इतिहास म्हटला की कापूस, ज्वारी, दुष्काळ आणि सावकार पुढं येतात. परसातली कोंबडी त्यात नसते. दप्तरात ती सापडलीच तर दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या जेवणाच्या निमित्तानं! बीडसारख्या जिल्ह्यात मात्र बाईच्या हातात येणारा रोख पैसा कितीतरी घरांत तिच्यामुळंच आला. म्हणून आज आपण तिची बाजू पाहू.

'कोंबडी अंडी देईना' ही तक्रार जुनीच, पण तिचा अर्थ बदलत गेला. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकवीस दिवस उबवण, मग पिलांमागं हिंडणं. अशी वर्षाची पन्नास-साठ अंडी होतात. जुन्या बायका याला आजार म्हणत नसत. पिसं झडली, थंडीत दिवस लहान झाला की अंडी थांबायचीच, हेही त्यांना ठाऊक होतं. स्वातंत्र्यानंतर व्हाइट लेगहॉर्नचा प्रसार झाला, दोनशेच्या वरचे आकडे कानावर आले आणि आपली कोंबडी एकाएकी 'कामचुकार' ठरली. हा अन्याय होता, असं आम्हाला वाटतं.

पापुद्र्याच्या मऊ अंड्यांचंही तसंच. मोकळी कोंबडी काळ्या रानातले चुनखडीचे खडे टिपते, किडे खाते. दिवसभर डालग्याखाली कोंडली की कवचाला चुना कुठून मिळणार? शिंपल्याचा चुरा ठेवला की बरेचदा भागतं.

पण सगळंच असं सोपं नव्हतं. एका रात्रीत खुराडं रिकामं करणारा रोग म्हणजे मानमोडी. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, तोंड उघडून श्वास चालतो. त्यातून वाचलेली कोंबडी पुढं वेडीवाकडी, पातळ कवचाची अंडी घालते. 1926 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग ओळखला गेला, 1927 साली आपल्याकडं कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. म्हणून पुस्तकात तो 'राणीखेत'. त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत 1940 च्या दशकात लस तयार झाली. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

म्हणजे उपाय सापडून ऐंशीएक वर्षं होत आली. मग कोंबड्या का मरतात? आमच्या मते बरंचसं उत्तर त्या कुपीत आहे. कुपी शंभर-दोनशे मात्रांची, घरात कोंबड्या पाच. ती थंड ठेवायची, आणि एकदा द्रावण केलं की तास-दोन तासांत संपवायची. हा हिशेब मोठ्या शेडचा आहे, परसाचा नाही. शिवाय मुक्तेश्वरची लस जरा जहाल. ती सहा-आठ आठवड्यांच्या पिलाला टोचायची असते. अंड्यावर आलेल्या कोंबडीला टोचली तर काही दिवस अंडी थांबतात. मग बाई म्हणते, 'सुई दिली अन् कोंबडी बिघडली.' तिचं निरीक्षण चुकीचं नसतं. वेळ चुकलेली असते.

बीडमध्ये यात आणखी एक अडचण पडते. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. काही कुटुंबं कोंबड्या डालग्यात घालून सोबत नेतात, काही म्हाताऱ्यांवर सोडून जातात. कारखान्याच्या तळावर दहा गावांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात. मानमोडीला याहून सोयीची जागा कोणती? आणि गावात लसीकरण झालंच, तर या कोंबड्या तिथं नसतातच.

जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणीतल्या मुरुंबा गावी बर्ड फ्लू निघाला, बीडमध्ये मेलेल्या कावळ्यांत सापडला, आणि पांढरे पोशाख घातलेली पथकं गावात आली. माणसाला धोका होता, यावंच लागलं. मानमोडीसाठी मात्र कधी कोणी पथक पाहिलंय?

तोड सुटून माणसं परतली की हे करता येतं: वीस घरांनी मिळून एक कुपी आणायची. पिलं आठवड्याची असतील तर लासोटाचा एक थेंब डोळ्यात, मोठ्यांना कोणती लस हे पशुवैद्यकाला विचारून. कुपी बर्फाच्या थर्मासात, आणि वेळ दिवस मावळतानाची, कारण तेव्हाच सगळ्या कोंबड्या खुराड्यात सापडतात.