शाळेचा एक आठवडा

आपल्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण सालं सांगतो आणि मोकळे होतो. अमक्या साली दार उघडलं, तमक्या साली कायदा झाला. दोस्तांनो, पोरगं सालात शिकत नाही. ते सोमवारी शिकतं, मंगळवारी शिकतं. म्हणून मी एक आठवडाच सांगतो. साल १९६६. मी तिसरीत. गाव कुठलंही समजा.

सोमवार. हजेरी झाली. माझी जागा दाराशी, चपलांच्या बाजूला. तिथनं फळा अर्धाच दिसायचा. तरी मी आत होतो, आणि हे 'आत' फुकट मिळालं नव्हतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोराला घ्यावं म्हणून अर्ज झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. सरकारनं मान्य केलं की न्याय पोराच्या बाजूनं आहे. आणि तरी प्रवेश नाकारला. एकासाठी बाकीच्यांची शाळा मोडेल म्हणे! १८५८ साली जाहीर झालं, निव्वळ सरकारी खर्चाच्या शाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर.

मंगळवार. पाढे. आवाजाला विटाळ नव्हता, म्हणून मी गळा फाडून म्हणायचो. पाटी तपासायची तर ती भुईवर ठेवायची, मास्तर छडीनं फिरवून बघणार. बाबासाहेब साताऱ्याला शिकत होते तेव्हा कोपऱ्यात तरटावर बसत. ते तरट रोज घरी न्यायचं, रोज आणायचं. कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला शिवत नसे. पुढं १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एकत्र बसवायचा हुकूम काढला. आमच्या गावात तरट गेलं होतं. छडी राहिली होती.

बुधवार. तहान. वरून पाणी ओतणारा पोरगा आलाच नाही. मी घरी पळालो. परत येईस्तोवर गणित होऊन गेलं. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, शिपाई नसला की पाणी नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. त्रेचाळीस वर्षांत तो ठराव आमच्या शाळेतल्या मडक्यापर्यंत चालत आला नव्हता.

गुरुवार. शुद्धलेखन. मास्तरांनी सांगितलं, लिहा: अस्पृश्यता कायद्यानं नष्ट झाली आहे. मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. पाटी भुईवर ठेवली. मास्तरांनी छडीनं ओढून बघितली आणि म्हणाले, "बरोबर."

शुक्रवार. मांगवाड्यातली एक पोर आमच्या वर्गात होती. त्या दिवशी आली नाही. पुढंही आली नाही. आईबरोबर कामाला लागली. हजेरीत नुसता 'गै' पडत गेला. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर. त्याला एकशे अकरा वर्षं झाल्यावर त्याच जातीची पोर तिसरीतून सुटली, आणि कुणी विचारलं नाही.

शनिवार. सकाळची शाळा. वर्ग सारवायचा. शेण कुणी आणायचं? आम्ही. सारवायचं कुणी? आम्ही. आमच्या हातानं सारवलेल्या भुईवर सोमवारी सगळे बसायचे. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. मला जे समजायचं ते या एका दिवसात समजलं: विटाळ हातात नसतो. आपलं काम हवं असलं की तो नाहीसा होतो.

रविवारी शाळा नव्हती. वस्तीतला एक दादा तालुक्याला कॉलेजात होता. तो आम्हा पोरांना जमवून शिकवायचा. धारवाडच्या पोराची गोष्ट त्यानंच सांगितली. आम्ही विचारलं, "मंग पुढं त्या पोराचं काय झालं, दादा?" तो म्हणाला, "पुढं तुम्ही झालात."

आता २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. पटावर नाव असतंच. म्हणून पटाच्या आकड्यावर समाधान मानू नका. तुमच्या वस्तीजवळच्या शाळेत एक आठवडा काढा. एक वही घ्या. कोण कुठं बसतं, पाणी कोण कसं पितं, झाडू कुणाच्या हातात असतो, हजेरीत कुणाचा 'गै' वाढतोय, रोज लिहा. शनिवारी ती वही वस्तीत मोठ्यानं वाचा.

आपला इतिहास त्या वहीत आहे. दुसरं कुणी तो लिहिणार नाही.