टाळ्या नेमक्या कशाला पडल्या?

उद्घाटन सोहळा बघताना मी खेळाडूंइतकंच गर्दीकडे लक्ष देतो. ही सवय लागली ती बर्लिन ऑलिम्पिकबद्दल वाचल्यापासून.

१ ऑगस्ट १९३६. स्टेडियम खचाखच भरलेलं. फ्रान्सचा संघ उजवा हात उंचावून हिटलरसमोरून गेला आणि एकच जल्लोष झाला. लोकांना वाटलं, फ्रेंचांनी चक्क नाझी सॅल्यूट ठोकला! फ्रेंचांचं म्हणणं, तो ऑलिम्पिकचा सॅल्यूट होता. पटत नाही? फोनवर १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं पोस्टर शोधा. त्यातल्या खेळाडूंचेही हात असेच वर आहेत. ब्रिटिशांनी मात्र नुसती मान उजवीकडे वळवली, तर टाळ्या एकदम थंडावल्या.

आणि आपला संघ? पारतंत्र्यातला. झेंडा ध्यानचंद यांच्या हातात. आपल्या खेळाडूंनी हिटलरला सॅल्यूट केला नाही.

म्हणजे बघा, हात तोच, पण गर्दीने त्यात आपल्याला हवा तो अर्थ पाहिला. फ्रेंचांसाठी इतक्या टाळ्या पडल्या खऱ्या. पण चारच वर्षांनी, जून १९४० मध्ये, जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या.

म्हणून जल्लोषाची क्लिप आली की मी आधी विचारतो, लोकांना नेमकं काय दिसलं असेल? तुम्हीही विचारून बघा. भेटूया पुढच्या भागात!