शिरेच्या वाटेनें हृदयापर्यंत

सुमारें चारशें वर्षांपूर्वीं मलिक अंबरानें खडकी गांवीं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, डोंगराकडचें पाणी जमिनीखालच्या नहरीनें आणिलें. अशी नहर आंत कोठें फुटली, तर दुरुस्तीसाठीं सारें शहर खणावें, कीं पाण्याच्याच वाटेनें आंत उतरावें? मानवी हृदयाविषयीं असाच प्रश्न विसाव्या शतकांत वैद्यशास्त्रापुढें उभा राहिला.

दर हजार नवजात बालकांपैकीं सुमारें आठ-नऊ बालकें हृदयांत कांहीं दोष घेऊनच जन्मास येतात. मूल मातेच्या उदरांत असतां महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांना जोडणारी एक लहानशी नळी उघडी असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मिटावयाची. ती उघडीच राहिली, किंवा हृदयाच्या पडद्यांत छिद्र राहून गेलें, तर शुद्ध रक्ताचा कांहीं भाग पुन्हां फुप्फुसांकडे वळतो. मूल लवकर थकतें, अंगीं लागत नाहीं, छातीच्या विकारानें वरचेवर आजारी पडतें. कित्येकदां तर वरून कांहींच दिसत नाहीं.

१९३८ सालीं बोस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस यांनीं एका सात वर्षांच्या मुलीची छाती उघडून ही नळी बांधून टाकली. बालकांच्या हृदयरोगावरील शस्त्रक्रियेचें युग तेथून सुरू झालें. परंतु छाती उघडल्यावांचून दुसरा मार्ग नव्हता काय?

तो मार्ग नऊ वर्षें आधींच दिसला होता. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड गांवच्या रुग्णालयांत व्हेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेतलें. त्या वेळीं त्यांच्या वांट्यास उपेक्षाच आली; नोबेल पारितोषिक मिळालें तें १९५६ सालीं, अन्य दोघांसमवेत. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचेंच रुग्णालय मराठवाड्यांत 'घाटी' या नांवानें घरोघरीं ठाऊक आहे.

पुढें १९६७ सालीं बर्लिनच्या पोर्स्टमन यांनीं, मांडीच्या रक्तवाहिनींतून बोळा नेऊन ती उघडी नळी बुजविल्याचें प्रसिद्ध केलें. १९७६ सालीं अमेरिकेंत किंग व मिल्स यांनीं पडद्यांतील छिद्र छत्रीसारख्या साधनानें झांकल्याचें सांगितलें. मात्र हीं साधनें नेणाऱ्या नळ्या जाड होत्या. उपाय सांपडला खरा, पण तो लहानग्यांच्या शिरांत मावेना!

ही अडचण दूर करण्यांत कुर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांचा मोठा वांटा आहे. निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेची त्यांनीं जाळी विणविली. तिचा गुण असा, कीं ती ताणून बारीक नळींत भरतां येते आणि बाहेर पडतांच आपला मूळ आकार धरते. पडद्याच्या दोहों बाजूंस एकेक चकती उमलते, मधली कंबर छिद्रांत बसते, आणि कांहीं महिन्यांत शरीर तिजवर स्वतःचें अस्तर चढवितें. १९९० नंतरच्या दशकांत हें साधन प्रचारांत आलें. प्रत्येक छिद्र असें बुजवितां येतें असें नाहीं. कित्येक दोषांस आजही शस्त्रक्रियाच लागते.

तथापि कोणताही उपाय वेळेवर झाला पाहिजे. मोठें छिद्र वर्षानुवर्षें तसेंच राहिलें, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कठीण होत जातात, आणि मग तें बुजविणेंच घातक ठरतें. म्हणूनच फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें, आरंभलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें महत्त्व मोठें आहे. वैद्यकीय पथकांनीं वर्षांतून दोनदां अंगणवाडींत व एकदां शाळेंत जाऊन मुलें तपासावीं, अशी ही योजना आहे.

दूरच्या खेड्यांतील एखाद्या मुलाच्या छातीवर डॉक्टराची नळी टेकते आणि ठोक्यांमध्यें एक वेगळाच आवाज ऐकूं येतो. फोर्समनपासून चालत आलेली सारी विद्या त्या क्षणाची वाट पाहत असते. तेव्हां तपासणीच्या दिवशीं आपलें मूल, आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचें मूल, शाळेंत हजर आहे ना, एवढें आपण अवश्य पाहावें.