ला दांस

ला दांस : (नृत्य). पॅरिसच्या गार्निए ऑपेरागृहाच्या दर्शनी भागासाठी झां-बातीस्त कार्पो (१८२७–७५) या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेला चुनखडी दगडातील शिल्पसमूह. उंची सु. ४.२ मी. काळ १८६५–६९.

वास्तुशिल्पी शार्ल गार्निए याने दर्शनी भागासाठी चार शिल्पसमूह चार शिल्पकारांकडे सोपवले. त्यांपैकी नृत्याचा समूह कार्पोच्या वाट्याला आला. मोजक्या आकृतींची शांत, तोलदार मांडणी गार्निएला अपेक्षित होती. कार्पोने मात्र नऊ आकृती घडवल्या. मध्यभागी खंजिरी उंचावलेला, पंख असलेला नृत्याचा अधिदेव उभा आहे. त्याच्याभोवती मद्यदेवता बॅकसच्या विवस्त्र उपासिकांनी हसत फेर धरला आहे. अंग मागे झोकून, तोल सुटण्याच्या बेतात असताना त्या एकमेकींच्या हातांनी सावरल्या आहेत. शेजारच्या तीन समूहांतील आकृती ताठ व स्तब्ध असल्याने ही गती अधिकच जाणवते.

जुलै १८६९ मध्ये समूह खुला होताच अश्लीलतेचा आरोप होऊन वृत्तपत्रांत गदारोळ उठला. २६–२७ ऑगस्टच्या रात्री कुणीतरी त्यावर शाईची बाटली फेकली. विवस्त्र शिल्पे पॅरिसला नवी नव्हती. परंतु ती बहुधा देवतांची, गुळगुळीत व निर्विकार असत. कार्पोच्या स्त्रियांना मांसल, वळ्या पडलेली, धाप लागलेली शरीरे होती आणि त्या भर रस्त्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेसमोर होत्या. खरा आक्षेप नग्नतेपेक्षा या जिवंतपणालाच होता.

समूह हलवण्याचे ठरून शार्ल ग्युमेरी याच्याकडे पर्यायी शिल्प सोपवण्यात आले. मात्र १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले, सम्राट तिसरा नेपोलियन पदच्युत झाला, १८७१ मध्ये ग्युमेरी वारला आणि ‘ला दांस’ जागीच राहिले. जानेवारी १८७५ मध्ये ऑपेरागृहाचे उद्‌घाटन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्पोचे निधन झाले.

शहरी प्रदूषणाने दगड झिजू लागल्याने १९६४ मध्ये मूळ समूह लूव्र संग्रहालयात नेण्यात आला व त्याच्या जागी पॉल बेलमोंदो याने घडवलेली प्रतिकृती बसवली गेली. १९८६ पासून मूळ कृती ओर्से संग्रहालयात आहे. स्थिर दगडात नृत्याची लय पकडणारी ही कृती एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शिल्पकलेचे एक शिखर होय.