सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

लोकशाहीची एक गोष्ट पुस्तकांतून सांगतात. हाबरमास नावाच्या जर्मन पंडितानं ती १९६२ साली मांडली. अठराव्या शतकात लंडनच्या कॉफीहाऊसांत माणसं जमली, वर्तमानपत्रं वाचू लागली, दर्जा बाजूला ठेवून राज्यकारभारावर वाद घालू लागली. त्यातून लोकमत घडलं आणि सत्तेला त्याची दखल घ्यावी लागली. छान आहे. मी एवढंच विचारतो, तिथले कप धुणारा त्या वादात होता का?

आपल्याकडं हा वाद पाण्यावरून झाला.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! प्रत्यक्षात एक ओंजळ आमची नाही. १९२७ च्या मार्चात परिषद भरली तेव्हा चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तळं गावातच होतं, बरं का.

२० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग लाठ्या पडल्या. मग १०८ घागरी पंचगव्य मिसळून तळं शुद्ध करून घेतलं. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघालं. निघणारच. मुंबई इलाख्यातली पत्रं आपापल्या जातीपुरतं बघतात, हे बाबासाहेबांनी १९२० सालीच ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकात लिहून ठेवलं होतं. लाठ्या कुणी खाल्ल्या आणि का, हे सांगायला आपलाच कागद लागतो.

ऑगस्टात नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. आणि डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले. त्यांचा दावा मला फार बोलका वाटतो. तळं म्हणे स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखं! काल नगरपालिकेचं होतं, आम्ही ओंजळ घातली आणि आज खाजगी झालं. ‘सार्वजनिक’ शब्दातला ‘सर्व’ किती माणसांचा होता, ते त्यांनी स्वतःच अर्जात लिहून दिलं. कोर्टानं मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली, पण हुकूम न मोडता तळ्याचा सत्याग्रह तहकूब ठेवला.

निकाल हायकोर्टात लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली. आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो ते वाचा. आम्हाला दूर ठेवायची चाल अनादी काळापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आलं नाही, म्हणून. ती शाबीत झाली असती तर?

हा प्रश्न कोर्टानं सोडवला नाही. तो घटनेत सोडवावा लागला. पंधराव्या कलमात, मोठमोठ्या शब्दांच्या गर्दीत, विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते अशी साधी यादी आहे. ती वाचताना मला त्यातलं तळं कुठलं, हे विचारावं लागत नाही.