पीएचपी भाषेतील लूप

दिलेली अट खरी असेपर्यंत एकच आज्ञासमूह संगणकाने पुनःपुन्हा पार पाडावा, यासाठी आज्ञावलीत केलेली रचना म्हणजे लूप होय. फोर्ट्रान (१९५७) भाषेतील ‘डू’ हा तिचा एक जुना प्रकार. पीएचपीने ‘व्हाइल’ व ‘फॉर’ हे प्रकार मुख्यतः सी भाषेच्या वळणावर घेतले. तथापि सर्व्हरवर चालणाऱ्या या भाषेत लूपला निराळे महत्त्व आहे. ग्रंथसूची किंवा निकालपत्रक दाखविताना डेटाबेसमधील एकेक नोंद उचलून वेबपृष्ठाची एकेक ओळ सिद्ध होते, आणि नोंदी किती निघतील हे आज्ञावली लिहिणाऱ्याला आधी ठाऊक नसते. शिवाय सर्व्हर अनेकांचा सामाईक असल्याने न थांबणारा लूप इतरांचाही वेळ खातो.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये पीएचपी प्रसृत केली. पीएचपी/एफआय २ मध्ये ‘व्हाइल’च्या अटीपुढे अर्धविराम देऊन शेवटी ‘एंडव्हाइल’ लिहीत. अँडी गुटमन्स व झीव सुरास्की यांनी नव्याने रचलेल्या तिसऱ्या आवृत्तीत (१९९८) तेथे अपूर्णविराम आला. बदल क्षुल्लक दिसतो. पण जुनी आज्ञावली तशीच चालविल्यास अर्धविरामाशीच लूप संपला असे यंत्र समजे. मग त्यात करण्याजोगे काहीच न उरल्याने एकदा खरी ठरलेली अट खरीच राही व लूप अखंड फिरे. अशा प्रसंगी वेब सर्व्हरवर मुळात ठेवलेली ३० सेकंदांची कालमर्यादा उपयोगी पडते. विंडोजखेरीज अन्य प्रणालींवर डेटाबेसच्या प्रतीक्षेतील वेळ तीत धरला जात नाही. त्यामुळे ती पुरते संरक्षण नव्हे.

अ‍ॅरेतील, म्हणजे मूल्यमालेतील, घटक क्रमाने वाचण्यासाठी तिसऱ्या आवृत्तीत ‘व्हाइल’, ‘लिस्ट’ व ‘ईच’ यांची जोडणी करावी लागे. अ‍ॅरेचा अंतर्गत दर्शक शेवटी जाऊन थांबे. तो ‘रीसेट’ने मागे आणण्याचे विसरल्यास पुढच्या लूपला एकही घटक मिळत नसे. चौथ्या आवृत्तीतील (२०००) ‘फॉरईच’ने ही जबाबदारी भाषेकडेच सोपविली. लूपच्या इतिहासातील हा पीएचपीपुरता सर्वांत हितकारक बदल म्हणावा लागेल. ‘ईच’ २०१७ मध्ये त्याज्य ठरले व आठव्या आवृत्तीत (२०२०) काढून टाकण्यात आले. ५.५ आवृत्तीपासून (२०१३) जनरेटरमुळे संपूर्ण माला स्मृतीत न साठविता एकेक मूल्य लूपला पुरविता येऊ लागले.

‘फॉरईच’मध्येही एक फसगत संभवते. पाचव्या आवृत्तीपासून (२००४) घटक संदर्भाने घेता येतो. मात्र तसे केल्यास लूप संपल्यावरही तो चल अखेरच्या घटकाशी जोडलेला राहतो. ‘अनसेट’ने हा संबंध तोडला नाही, तर त्याच नावाच्या पुढील लूपमध्ये अखेरचे मूल्य नकळत पुसले जाते.