मनमाडला गाडी बदलून ट्रॉम्बेला

औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८ साली. तोवर इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाशी संलग्न होती. त्याच्या वर्षभर आधी होमी भाभांनी ट्रॉम्बेत प्रशिक्षणशाळा काढली. अणुभट्ट्यांसाठी तयार माणसं देशात नव्हती, म्हणून विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकलेली मुलं घ्यायची आणि वर्षभरात घडवायची. हा निर्णय मला अप्सरा या देशातल्या पहिल्या अणुभट्टीइतकाच मोलाचा वाटतो.

सत्तरच्या दशकात मी इथून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून, मनमाडला मीटरगेज सोडून तिथे पोचलो. युरेनियमचा एक अणू फुटला की सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा, हे पाठ होतं. तिथे सरांनी विचारलं, भट्टी बंद केली आणि पंपही बंद पडला तर? साखळी प्रक्रिया थांबते, पण विखंडनातून उरलेले किरणोत्सारी तुकडे तापतच राहतात. बंद केल्याक्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. तारापूरच्या एका भट्टीत ती चाळीसेक मेगावॉट भरते. ती वाहून न्यायलाच हवी. मग पाइपची जाडी, व्हॉल्व्ह, गंज, सगळं शिकणं आलं.

होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ २००५ साली झालं, आता प्रशिक्षणशाळेतल्या मुलांना तिथून एम.टेक.ही करता येतं. आम्हाला पदवी नव्हती, वर्ष संपताच थेट काम मिळालं.